प्रवाळाच्या टँकला दिवा: किती लागतो, कितीला पडतो

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिल्यांदाच मऊ प्रवाळ ठेवणाऱ्यांसाठी दिव्याची निवड, खरेदी, महिन्याचं वीजबिल आणि पावतीवर न दिसणारे खर्च

गोड्या पाण्याच्या टँकवर दिवा लावतात तो मासे छान दिसावेत म्हणून. प्रवाळ ठेवायचं म्हटलं की दिव्याचं काम बदलतं. प्रवाळाच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतं. दिवा म्हणजे प्रवाळाचा रोजचा शिधाच. तो कमी पडला की प्रवाळ हळूहळू आक्रसत जातं. एकदम फार मिळाला तर अंगातलं शैवाल बाहेर टाकून पांढरंफटक पडतं.

म्हणूनच या छंदात सुरुवातीला सगळ्यात जास्त पैसे दिव्यावर जातात, आणि वायाही तिथेच जातात. कोणी दीड हजाराचा क्लिपवाला दिवा आणतो आणि सहा महिन्यांत दुसरा घेतो. कोणी पन्नास हजारांचा आणतो आणि प्रवाळ भाजू नये म्हणून तो कायम तीस टक्क्यांवर चालवतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी प्रवाळ कोणतं ते ठरवा, मग टँकची लांबी आणि खोली मोजा, आणि दिवा सगळ्यात शेवटी निवडा.

आकड्यांबद्दल एक खुलासा. प्रवाळाचे चांगले दिवे बहुतेक आयात होतात, त्यामुळे डॉलर, कस्टम ड्यूटी आणि विक्रेत्याकडचा साठा यांप्रमाणे भाव हलतात. इथले भाव अंदाजपत्रक मांडता यावं म्हणून गोल केलेले आहेत. खरेदीच्या दिवशीचा भाव घालून हिशेब पुन्हा करावा. विजेचा दर सगळीकडे युनिटला १० रुपये धरला आहे.

आधी प्रवाळ ठरवा

दुकानात प्रवाळाचे तीन गट ऐकू येतात: सॉफ्ट, एलपीएस आणि एसपीएस. सॉफ्ट म्हणजे मऊ प्रवाळ, ज्याला दगडी सांगाडा नसतो. एलपीएस आणि एसपीएस ही दोन्ही कठीण, दगडी सांगाड्याची प्रवाळं. टॉर्च, हॅमर, डंकन ही एलपीएसमधली नावं, अॅक्रोपोरा हे एसपीएसमधलं.

भारतात राहणाऱ्या नवशिक्याने मऊ प्रवाळापाशीच थांबावं. पहिलं कारण कायद्याचं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन २००१ पासून आहेत. वाघाचं नाव ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं २०२० मध्ये रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली, यावरून विषयाचं गांभीर्य कळेल. मालवणला किंवा अंदमानला फिरायला गेल्यावर समुद्रातून जिवंत वा मेलेला तुकडा उचलून आणणं हाही गुन्हाच. समुद्रातून काढलेला म्हणून विकला जाणारा ‘लाइव्ह रॉक’ बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी कारखान्यात तयार केलेला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा सच्छिद्र दगड घ्या. मऊ प्रवाळ घेतानाही आयातीची कागदपत्रं आणि पक्की पावती मागा. जातीबद्दल शंका असेल तर वनविभागाकडे विचारून खात्री करा.

दुसरं कारण पैशाचं. कठीण प्रवाळाला, विशेषतः एसपीएसला, मऊ प्रवाळाच्या दुपटी-तिपटीने प्रकाश लागतो, शिवाय कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सतत भरत राहावी लागते. मऊ प्रवाळ निवडलं की दिव्याचं अंदाजपत्रक निम्म्यावर येतं आणि बाकीचा व्यापही कमी होतो.

सुरुवातीला साधारणपणे ही मऊ प्रवाळं चांगली: मशरूम, झोआ, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया आणि केनिया ट्री. यातली शेवटची तिन्ही भराभर पसरतात. ग्रीन स्टार पॉलिप तर मुख्य खडकापासून वेगळ्या दगडावरच ठेवावं, नाहीतर वर्षभरात सगळा खडक व्यापून टाकतं. झोआ आणि त्याच्या जवळच्या पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, आणि त्यांचा दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका.

एका प्रवाळापासून मात्र दूर राहा. कार्नेशन कोरल नावाचं गुलाबी-लाल मऊ प्रवाळ दुकानात फार देखणं दिसतं. त्याच्या अंगात प्रकाशावर जगणारं शैवालच नसतं. त्याला पाण्यातून सतत सूक्ष्म अन्न लागतं, आणि घरच्या टँकमध्ये ते बहुधा उपाशी मरतं. कितीही महाग दिवा लावला तरी ते वाचत नाही.

किती प्रकाश पुरेसा?

खोक्यावरचे वॉट पाहून दिवा घेऊ नका. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोचतो ते त्यावरून कळत नाही. कामाचं माप आहे पीएआर, ज्याला हौशी लोक ‘पार’ म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, म्हणजे वनस्पती आणि शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश एका जागी दर सेकंदाला किती पडतो, ते हा आकडा सांगतो. भर दुपारच्या उन्हात तो २,००० च्या आसपास जातो. नवशिक्याच्या प्रवाळांना त्याचा छोटासा अंश पुरतो:

- मशरूम: ३० ते ८०
- झोआ, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया: ५० ते १५०
- लेदर: ७५ ते १५०

म्हणजे वाळूपाशी ४० ते ६०, मधल्या खडकावर ८० ते १०० आणि माथ्यावर १२० ते १५० एवढा पार मिळाला की मऊ प्रवाळाचा टँक उत्तम चालतो. याहून जास्त प्रकाशासाठी मोजलेला पैसा त्या टँकमध्ये कामी येत नाही. उलट काचेवर शेवाळ वाढतं.

पार मोजणारं खास उपकरण महाग असतं. पाण्याखाली चालणारा अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० मीटर परदेशातच ५०० डॉलरच्या वर जातो. एका टँकसाठी तो विकत घेण्याची गरज नाही. हौशी लोकांच्या गटातून किंवा मोठ्या मरीन दुकानातून एका दिवसासाठी मिळाला तर पाहा. तो न मिळाल्यास दिव्याच्या कंपनीने दिलेला पारचा तक्ता मागा. त्यात तीन गोष्टी तपासा: दिवा पाण्यापासून किती उंचीवर होता, माप किती खोलीवर घेतलं, आणि ते पाण्यात घेतलं की हवेत. या तीन गोष्टी नसलेला तक्ता जाहिरातच समजा.

साध्या लक्समीटरवर किंवा मोबाइलच्या अॅपवर भिस्त ठेवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्यांचं माप आहे. त्यात हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त वजन मिळतं, तर प्रवाळाचे दिवे मुख्यतः निळे असतात. त्यामुळे चांगला दिवाही लक्समीटरवर अंधूक दिसतो आणि पांढरा बल्ब उगाच तेजस्वी ठरतो.

निळा प्रकाश कशासाठी?

समुद्राच्या पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा खोलवर जातो. झूझँथेलीला निळा प्रकाश चांगला वापरता येतो, आणि झोआ वा मशरूमच्या अंगातले चमकणारे रंग ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या रॉयल ब्लू प्रकाशातच खुलतात. म्हणून दिव्यात निळा आणि पांढरा यांची वेगवेगळी बटणं, म्हणजे वेगवेगळे चॅनल असणं ही पहिली अट धरा. जांभळे, हिरवे, लाल एलईडी असले तर असू द्या, पण त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

घरगुती ६,५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीवर चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. मशरूम आणि लेदर त्याखाली जगू शकतात, पण रंग तपकिरी पडतो. शिवाय असा दिवा मंद करता येत नाही, त्यामुळे नव्या प्रवाळाला प्रकाशाची सवय लावणं अवघड जातं. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीच्या दिव्यांत लाल प्रकाश भरपूर असतो. तेही या कामाचे नाहीत. आणि टँक खिडकीपाशी ठेवून उन्हावर भागवण्याचा विचार करू नका. आपल्याकडचं ऊन पाणी तापवतं आणि त्यावर ताबा ठेवता येत नाही.

कोणत्या जातीचा दिवा?

बाजारात तीन जाती आहेत. मेटल हॅलाइड दिवे जुने आणि जोरदार आहेत, पण १५० वॉटचा एक बल्ब चोकसह साधारण १७० वॉट खातो आणि पाणी तापवतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात छोट्या टँकसाठी ते घेऊच नयेत.

टी-५ नळ्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पडतो, सावल्या कमी राहतात आणि प्रवाळाला तो मानवतो. दोन फुटी टँकला २४ वॉटच्या चार नळ्या लागतात. अडचण नळ्या बदलण्याची. ९ ते १२ महिन्यांत त्यांचा प्रकाश उतरतो आणि रंग बदलतो, मग त्या आयात करून आणाव्या लागतात. वापर कमी होत चालल्याने योग्य नळ्या वेळेवर मिळतीलच याचा भरवसा नाही.

एलईडी हीच आजची शहाणी निवड. वीज कमी, पाण्यात उष्णता कमी, मंद-प्रखर करण्याची सोय आणि वर्षानुवर्षं बल्ब बदलण्याची कटकट नाही. कंपन्या ५०,००० तासांचं आयुष्य सांगतात. रोज ९ तास धरले तर ते पंधरा वर्षांहून जास्त होतं. प्रत्यक्षात एलईडीच्या आधी आतला पंखा, ड्रायव्हर किंवा अॅडॉप्टर जातो, आणि खारट दमट हवेत तर लवकर. म्हणून एलईडी घेताना आयुष्याच्या तासांपेक्षा सुटे भाग आणि वॉरंटी यांची चौकशी महत्त्वाची.

एलईडीचे चार दर

क्लिपवाले छोटे दिवे, १,५०० ते ४,००० रुपये. दहा-पंधरा वॉटचे, टँकच्या काठाला लावायचे. एक फुटाहून उथळ टँकमध्ये फक्त मशरूम ठेवायची असतील तरच पुरतात. दोन फुटी टँकला नकोत.

ब्लॅक बॉक्स, ८,००० ते १२,००० रुपये. काळ्या पेटीसारखे चिनी दिवे. खोक्यावर १६५ वॉट लिहिलेलं असतं, कारण आत ३ वॉटचे ५५ एलईडी असतात. प्रत्यक्षात ते सगळे कमी जोरावर चालवतात, त्यामुळे खप ११० वॉटच्या आसपास असतो. मऊ प्रवाळांसाठी त्यांचा प्रकाश पुरून उरतो. उणिवा म्हणजे पंख्याचा आवाज, पहाट-संध्याकाळची सोय नसणं आणि कमकुवत वॉरंटी. बैठकीच्या खोलीत ठेवायचा तर आवाज आधी ऐकून पाहा.

मधल्या दर्जाचे प्रोग्रॅम होणारे दिवे, १२,००० ते २०,००० रुपये. ५० ते ७५ वॉटचे, मोबाइलवरून किंवा दिव्यावरच्या बटणांनी वेळापत्रक लावता येणारे. दोन फुटी टँकमध्ये मऊ प्रवाळ ठेवणाऱ्या बहुतेक घरांसाठी योग्य उत्तर हेच.

नामांकित परदेशी दिवे, २५,००० ते ६०,००० रुपये आणि पुढे. एक्वा इल्युमिनेशनचे प्राइम आणि हायड्रा, केसिलचे दिवे, रेड सीचे रीफ एलईडी, इकोटेकचा रेडिऑन. बांधणी, रंग आणि सॉफ्टवेअर उत्तम. पुढे मोठा टँक करायचा पक्का विचार असेल तर हा खर्च टिकाऊ ठरतो. नुसत्या मशरूम आणि झोआसाठी तो आवश्यक नाही.

पसाऱ्याचाही विचार करा. एका चौकोनी किंवा गोल दिव्याचा प्रकाश साधारण दोन फूट बाय दोन फूट जागेत नीट पडतो. दोन फुटी टँकला एक दिवा, तीन ते चार फुटीला दोन, हा ढोबळ नियम. दिवा पाण्यापासून आठ ते बारा इंच वर टांगला की प्रकाश पसरतो आणि खाली भाजणारे ठिपके पडत नाहीत.

पाच वर्षांचा हिशेब

खरेदीच्या दिवशीचा भाव म्हणजे सगळा खर्च नव्हे. उदाहरणासाठी २४ बाय १८ बाय १८ इंचांचा टँक घेऊ. त्यात साधारण १२७ लिटर पाणी मावतं. दिवा रोज ९ तास.

६० वॉटचा एलईडी दिवसाला ०.५४ युनिट खातो. महिन्याला १६ युनिट, म्हणजे सुमारे १६० रुपये. वर्षाला सुमारे १,९७० रुपये. ९६ वॉटच्या चार नळ्या चोकसह १०० वॉट धरल्या तर महिन्याला २७ युनिट, २७० रुपये. वर्षाला सुमारे ३,२८५ रुपये. एका नळीचे १,२०० रुपये धरले तर दर बदलाला ४,८०० रुपये वेगळे.

पाच वर्षांत खरेदी, वीज आणि नळ्या मिळून असं चित्र दिसतं:

- ब्लॅक बॉक्स, १०,००० चा, निम्म्या जोरावर चालवलेला: सुमारे २०,००० रुपये
- मधला एलईडी, १६,००० चा: सुमारे २६,००० रुपये
- नामांकित एलईडी, ३५,००० चा: सुमारे ४५,००० रुपये
- टी-५, १२,००० चा, चार वेळा नळ्या बदलून: सुमारे ४७,६०० रुपये

बारा हजारांत स्वस्त वाटणाऱ्या नळ्या पाच वर्षांत पस्तीस हजारांच्या एलईडीलाही मागे टाकतात. दुकानात भाव विचारताना हा तक्ता डोळ्यांसमोर ठेवा.

वीजबिलात आणखी एक गोष्ट पाहावी. महावितरणची घरगुती टप्प्यांची रचना ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशी आहे. टँकचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचं बिल येत असेल तर त्यावरचा दर पाहून हिशेब करा.

दिव्याच्या पावतीवर न येणारे खर्च

सगळ्यात मोठा खर्च तापमानाचा. मऊ प्रवाळाला २४ ते २७ अंश पाणी हवं. मुंबईत, कोकणात, नागपुरात एप्रिल-मेमध्ये पंख्याखालचं पाणीही ३० च्या वर जातं. दिवा चांगला, पण पाणी गरम, अशा टँकमध्येही प्रवाळ पांढरं पडतं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर छोटे पंखे लावून दोन-तीन अंश उतरवता येतात. खर्च हजार-दीड हजार. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओचं गोडं पाणी भरावं लागतं, कारण मीठ मागेच राहतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने पंख्यांचा गुण कमी येतो, तिथे चिलर लागतो. १२५ लिटरच्या टँकचा चिलर २५,००० रुपयांच्या पुढे धरा. तो २०० वॉटचा असून उन्हाळ्यात रोज ६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट, म्हणजे ३६० रुपये लागतात. दिव्याच्या दुप्पट. एसीच्या खोलीत टँक ठेवता आला तर हा खर्च बराच टळतो. चिलरसाठी पैसे नसतील आणि घर किनाऱ्यावर असेल, तर दिवा घेऊ नका, छंदच थोडा पुढे ढकला.

सुरक्षेवर काटकसर नको. खारं पाणी वीज उत्तम वाहतं आणि मिठाचे थर प्लगपर्यंत चढतात. टँकच्या सर्किटवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, साधारण २,००० ते ३,००० रुपये. तिथल्या पॉइंटचं अर्थिंगही तपासून घ्या. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. परदेशातून मागवलेल्या दिव्याच्या अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे का, ते पाहूनच लावा.

टायमर हवाच. हाताने दिवा लावण्या-विझवण्यात वेळ चुकते आणि प्रवाळ बिचकतं. वीज गेली की काट्यांचा टायमर मागे पडतो, म्हणून बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घ्या, पाचशे ते हजार रुपये. स्टँड किंवा टांगण्याचा आर्म १,५०० ते ३,००० रुपये.

इन्व्हर्टरवर दिवा लावू नका. एक दिवस प्रकाश नसला तरी मऊ प्रवाळाला काही होत नाही. पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर बंद पडला तर मात्र काही तासांत प्राणवायू कमी होतो. बॅकअपची क्षमता त्यासाठी राखून ठेवा.

तीन अंदाजपत्रकं, फक्त प्रकाशाची

छोटा टँक, १८ बाय १२ बाय १२ इंच, सुमारे ४२ लिटर: ३० वॉटचा मंद होणारा एलईडी ५,००० ते ८,०००, टायमर ७००, आरसीसीबी २,५००. एकूण ८,२०० ते ११,२०० रुपये. महिन्याची वीज सुमारे ८० रुपये. मशरूम आणि झोआ. मात्र छोट्या टँकचं पाणी लवकर तापतं आणि खारटपणा लवकर बदलतो, त्यामुळे रोज लक्ष द्यावं लागतं.

दोन फुटी टँक, सुमारे १२७ लिटर: मधला एलईडी १४,००० ते १८,०००, आर्म २,०००, आरसीसीबी २,५००, टायमर दिव्यातच. एकूण १८,५०० ते २२,५०० रुपये. महिन्याची वीज १६० रुपये. सुरुवातीला सगळ्यात समतोल पर्याय हाच, आणि यात यादीतली सगळी मऊ प्रवाळं येतात.

तीन फुटी टँक, ३६ बाय १८ बाय १८ इंच, सुमारे १९० लिटर: असे दोन दिवे २८,००० ते ३६,०००, दोन आर्म ४,०००, आरसीसीबी २,५००. एकूण ३४,५०० ते ४२,५०० रुपये. महिन्याची वीज ३२० रुपये.

दुकानात विचारायचे प्रश्न

क्रॉफर्ड मार्केटमध्ये असा, कुर्ल्यात असा की ऑनलाइन मागवत असा, पैसे देण्याआधी हे विचारा:

- प्रत्यक्ष खप किती वॉट? स्वस्त वॉटमीटर लावून दाखवाल का?
- निळा आणि पांढरा वेगवेगळा मंद होतो का?
- वॉरंटी भारतात कोण देतं, किती महिन्यांची, आणि दिवा कुठे पाठवायचा?
- पंखा आणि अॅडॉप्टर वेगळे मिळतात का, कितीला?
- दीड फूट खोलीवरचा पार किती, आणि तो कशाने मोजला?
- जीएसटीची पावती मिळेल ना?

पावतीशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या आयात दिव्याची वॉरंटी कामाची नसते. ऑनलाइन विक्रेत्याशी वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, त्यासाठीही पावती आणि पेटी उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

जुना दिवा घेणं वाईट नाही. छंद सोडणारे लोक चांगले एलईडी निम्म्या भावाला देतात. घेताना सगळे चॅनल शंभर टक्क्यांवर पंधरा मिनिटं चालवून पाहा, विझलेले एलईडी मोजा, पंख्याचा आवाज ऐका आणि कोपऱ्यांत हिरवट गंज आहे का ते बघा. गंज दिसला तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या.

दिवा आणल्यानंतर

महाग दिव्याने प्रवाळ मारणारे पुष्कळ आहेत, कारण पहिल्याच दिवशी तो पूर्ण जोरावर लावतात. पहिल्या आठवड्यात ३० टक्के, मग दर आठवड्याला थोडं वाढवत चार आठवड्यांत ठरलेल्या पातळीवर न्या. एकूण ८ ते १० तास पुरेत: सुरुवातीचा आणि शेवटचा दीड-दीड तास फक्त निळा, मधे पांढरा मिसळून. नवं प्रवाळ आधी वाळूवर ठेवा, आठवड्याने वर चढवा.

प्रवाळ स्वतः सांगतं. झोआची मान लांब होत वर ताणली गेली तर प्रकाश कमी. मशरूमच्या कडा आत वळल्या, रंग फिका झाला तर जास्त. लेदर काही दिवस मिटून बसलं तर घाबरू नका, ते वरची कात टाकत असतं. कुठलाही बदल केला की दोन आठवडे थांबा, मग पुढचा करा. काचेचं झाकण आणि दिव्याची काच आठवड्याला पुसा. मिठाचा थर जमला की पैसे देऊन घेतलेला प्रकाश वरच अडतो.

खरेदीचा क्रम

टँक, दगड, वाळू, पंप आणि वेव्हमेकर आधी घ्या. पाणी मुरायला, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात प्रवाळाचा दिवा लावण्याची गरजच नाही, उलट अंधारात शेवाळ कमी येतं. म्हणून पहिल्या महिन्यात दिव्याचे पैसे खर्च करू नका. तेवढ्या वेळात उन्हाळ्यातलं पाण्याचं तापमान लिहून ठेवा, आरसीसीबी बसवून घ्या आणि दोन-तीन दुकानांतले दिवे चालू स्थितीत पाहा. चिलर लागणार की पंख्यांवर भागणार हे त्या नोंदींवरून ठरेल, आणि त्यानंतर उरलेल्या पैशांत कोणता दिवा बसतो ते नेमकं कळेल.

पाणी तयार झालं की दिवा आणा आणि पहिलं प्रवाळ म्हणून एकच मशरूम घ्या. ते दोन महिने तजेलदार राहिलं, तर तुमचा प्रकाश, तापमान आणि पाणी तिन्ही जमलं आहे. त्यानंतर झोआ आणि लेदर. दिव्यावर वाचवलेले पैसे तापमान आणि पाण्याच्या तपासणीवर खर्च करा. जिवंत वस्तू घरात आणल्यावर तिला जगवण्याची जबाबदारी पूर्ण आपली असते, आणि ती पार पाडण्यासाठी सगळ्यात महाग दिवा लागत नाही. योग्य दिवा आणि सावकाश चालण्याची तयारी पुरते.